‘माणूस चांगला आहे’

गुरुनाथ पेडणेकर बायको-मुलीसह न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला आला तो जुलैत, म्हणजे इकडच्या ऐन थंडीत. डोंबिवलीच्या माणसाची थंडी म्हणजे डिसेंबरात एक गोधडी जास्त. इथे भाड्याच्या लाकडी घरात भिंतींना ओल सुटलेली, काचांवरून आतल्या बाजूने पाणी ओघळायचं आणि चिमुकली ओवी सारखी खोकायची. गावातल्याच ‘ते रापा’ भागात दूध पावडरीच्या यंत्रांची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत त्याला नोकरी होती. सुलेखाची नर्सची परीक्षा व्हायची होती. ओळखीचं कुत्रंही नव्हतं.

पहिल्याच शनिवारी शेजारच्या घरातला माणूस ट्रेलरभर सरपण घेऊन दारात उभा राहिला. धिप्पाड, लालबुंद चेहरा, एवढ्या गारठ्यात हाफ पँट आणि पायांत जँडल्स, म्हणजे रबरी चपला. वेन हार्टली त्याचं नाव. काँक्रीटचे ट्रक चालवायचा. त्याने सरपण उतरवलं, शेगडी कशी पेटवायची ते गुडघ्यांवर बसून दाखवलं आणि घरमालकाला स्वतः फोन लावून सुनावलं की हीटर बसवून देणं हा कायदा आहे, उपकार नाहीत. पैसे विचारले तर हात झटकून म्हणाला, “स्वीट ॲज, मेट.” म्हणजे, असू दे रे मित्रा.

पुढे गुरुनाथने तेच घर विकत घेतलं. ट्रेलर रिव्हर्स कसा घ्यायचा, गवत कापायचं यंत्र कोणतं घ्यायचं, बार्बेक्यूला जाताना काय न्यायचं, हे सगळं त्याला वेनने शिकवलं. मराठी मंडळात कोणी नवं कुटुंब आलं, की गुरुनाथ हमखास सांगायचा, “गोरे लोक तुटक असतात म्हणे. आमचा वेन बघा एकदा.” आमचा वेन. त्या ‘आमचा’त त्याला फार सुख होतं.

मंडळातच शहनाज परकार होती. मूळची चिपळूणची, इथे फार्मसिस्ट. गणपतीतल्या नाटकात तिच्याइतकं स्वच्छ मराठी कोणाचं नसे. गुरुनाथला ती गुरुदादा म्हणायची, आंब्याचे डबे मिळाले की सांदणं करून पाठवायची. ख्राइस्टचर्चच्या मशिदींवर हल्ला झाला, त्यानंतरच्या रविवारी गुरुनाथ आणि सुलेखा फुलं घेऊन तिच्याबरोबर इथल्या मशिदीत गेले होते. शहनाजच्या सासूबाईंना त्याने हाताला धरून गाडीत बसवलं होतं. त्या दिवशी आपण बरोबर वागलो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच पुढे जे झालं, ते कसं होऊ दिलं, याचं उत्तर त्याला स्वतःलाही नीट देता येत नाही.

कोविडमध्ये वेनने लस घ्यायला नकार दिला आणि त्याचं कंत्राट गेलं. ट्रक विकला. दिवसभर गराजमध्ये खुर्ची टाकून तो फोन बघत बसू लागला. संध्याकाळी गुरुनाथ कामावरून आला, की कुंपणावरून हाक यायची, “गुरू, बिअर?” गुरुनाथ जायचा. आधी सरकारविषयी बोलणं व्हायचं, मग घरांच्या किमतींविषयी, मग हळूहळू ‘बाहेरच्यां’विषयी. वेन मध्येच थांबून म्हणायचा, “तुम्ही लोक नाही, गुरू. तुम्ही राबता. मी त्यांच्याविषयी बोलतोय.”

‘तुम्ही लोक नाही’ हे ऐकून गुरुनाथला अपमान वाटायला हवा होता. त्याला हायसं वाटायचं. आणि तो नुसता ऐकून गप्प राहिला असता तरी एक वेळ बरं होतं. त्याच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज काहीबाही यायचं, हिंदीत, मराठीत. त्यातलं निवडून तो वेनसाठी इंग्रजीत भाषांतर करून पाठवू लागला. कामावर मीटिंगमध्ये त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत कोणीतरी विषय बदलायचं. इथे हा गोरा माणूस बिअर खाली ठेवून, पुढे झुकून त्याचं ऐकत होता. “पुढे सांग,” म्हणत होता. गुरुनाथ सांगत सुटायचा. एकदा रंगात येऊन म्हणाला, “वेन, आधी ते पाहुणे म्हणून येतात आणि मग घर मागतात. आम्हाला विचार. आम्ही आठशे वर्षं भोगलंय.”

वेनने ते वाक्य दोनदा म्हणून बघितलं. “हे भारी आहे,” म्हणाला.

एका वसंतात वेन कुंपणापाशी आला. त्याला बंदुकीचा परवाना काढायचा होता. हरणांच्या, रानडुकरांच्या शिकारीला जायचं म्हणाला. परवाना देण्याआधी पोलिसांकडची माणसं अर्जदाराला ओळखणाऱ्या दोघांना भेटतात. एक घरातलं, एक बाहेरचं. घरातली म्हणजे त्याची बायको शेरिल. बाहेरचा म्हणून त्याने गुरुनाथचं नाव दिलं होतं. “तुझ्याशिवाय कोण आहे मला?” असं म्हणाला. गुरुनाथच्या अंगावर मूठभर मांस चढलं. इतक्या वर्षांत या देशाने त्याला कोणाविषयी काही विचारलं नव्हतं.

चौकशीला एक वयस्क बाई आल्या. जेवणाच्या टेबलाशी बसल्या, चहा घेतला. वेन दारू किती पितो, बायकोवर हात टाकतो का, चिडका आहे का, सगळं शांतपणे विचारलं. मग म्हणाल्या, “कोणत्याही धर्माच्या किंवा वंशाच्या लोकांविषयी द्वेषाचं काही बोलताना तुम्ही त्याला ऐकलं आहे?”

स्वयंपाकघरात सुलेखा कणीक मळत होती. तिचे हात थांबले, हे गुरुनाथला पाठमोरं असूनही कळलं.

“नाही,” तो म्हणाला. “माणूस चांगला आहे.”

“त्याच्या हातात बंदूक आली तर तुम्हाला काही काळजी?”

“अजिबात नाही.”

बाई गेल्या. सुलेखा हात न धुताच बाहेर आली.

“खोटं का बोललास?”

“मला नाही वाटत काळजी. यात खोटं काय?”

“पहिला प्रश्न काळजीचा नव्हता, गुरू.”

“अगं, गराजमधल्या गप्पा त्या. तो बोलतो, करत काही नाही. आणि तुझ्या परीक्षेच्या वेळी ओवीला शाळेतून कोण आणायचं? विसरलीस?”

“नाही विसरले,” सुलेखा म्हणाली. “म्हणून तर मीसुद्धा बाहेर येऊन काही बोलले नाही.” आणि ती पुन्हा कणकेकडे गेली.

वेनला परवाना मिळाला. त्यानंतर शनिवार-रविवारी तो गायब असायचा. ‘ते आवामुतू’ गावाच्या पलीकडे कोणाच्या तरी शेतावर जातो, एवढंच गुरुनाथला माहीत होतं. हरीण काही कधी घरी आलं नाही.

त्यापुढच्या ईदला शहनाजच्या लोकांनी नमाजासाठी एका शाळेचं मैदान घेतलं होतं. सकाळची वेळ. बायका नव्या कपड्यांत, पोरं फुगे घेऊन. समोरच्या फुटपाथवर काळी जॅकेटं घातलेली दहा-बारा माणसं येऊन एका ओळीत उभी राहिली. तोंडावर कापड, छातीशी कॅमेरे. ती कोणाला हात लावत नव्हती, शिवी देत नव्हती. फक्त आत जाणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा, प्रत्येक गाडीचा नंबर टिपत होती. जॅकेटांच्या पाठीवर ‘फेन्सलाइन’ असं लिहिलेलं. म्हणजे कुंपण. आम्ही या देशाचं कुंपण आहोत, गरज पडेल तेव्हा शस्त्र घेऊन उभे राहू, असं त्यांनी स्वतःच इंटरनेटवर लिहून ठेवलं होतं.

व्हिडिओही त्यांनीच टाकला. गुरुनाथला तो ओवीने दाखवला. ओवी आता अकरावीत. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. तिच्या वर्गातली एक मुलगी त्या मैदानावर होती.

व्हिडिओत शहनाज सासूबाईंची व्हीलचेअर ढकलत फाटकातून आत जाताना दिसत होती. चाक दगडाला अडलं होतं. ओळीतलं कोणी हललं नाही, कॅमेरा तेवढा जवळ आला. सासूबाईंनी पदराने तोंड झाकून घेतलं. मग एक माणूस कॅमेऱ्याकडे वळून बोलू लागला. चेहरा झाकलेला होता, पण त्या खांद्यांना, त्या आवाजाला ओळखायला गुरुनाथला चेहऱ्याची गरज नव्हती.

“माझा शेजारी हिंदू आहे,” तो माणूस म्हणत होता. “लाखात एक माणूस. तो म्हणतो, आधी हे पाहुणे म्हणून येतात आणि मग घर मागतात. त्याच्या लोकांनी आठशे वर्षं भोगलंय. आम्ही तेवढे थांबणार नाही.”

ओवीने व्हिडिओ थांबवला. बापाकडे पाहिलं.

“दॅट्स यू, बाबा,” ती म्हणाली. “यू से दॅट. तू म्हणतोस ते.”

शेवटचे शब्द तिने मराठीत म्हटले. एरवी तिने मराठी बोलावं म्हणून गुरुनाथ मागे लागायचा. त्या दिवशी ते ऐकताना त्याला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

तरीही तो लगेच उठून कुठे गेला नाही, हे सांगायलाच हवं. तो कामावर गेला. मंडळाच्या ग्रुपवर चर्चा चालली होती, ती वाचत राहिला. कोणी लिहिलं, फार वाईट झालं. कोणी लिहिलं, आपण यात पडू नये. एकाने अंगठा दाखवून लिहिलं, शेवटी कोणीतरी बोललं तरी. तो ‘हिंदू शेजारी’ कोण, असंही एकाने विचारलं होतं, गमतीने. गुरुनाथने फोन उलटा ठेवला. सुलेखा घरात कामापुरतं बोलत होती. एका सकाळी डबा हातात देताना एवढंच म्हणाली, “तुझ्या शब्दावर त्याला बंदूक मिळाली. तो शब्द तुलाच परत घ्यावा लागेल. मी जाऊ शकते, पण मी गेले तर तू आयुष्यभर माझ्याआड लपशील.”

तो आधी वेनकडे गेला. समजावून बघू, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं. खरं तर वेनने ‘तो मी नव्हेच’ म्हणावं, अशी त्याची आशा होती. शनिवारची दुपार, लख्ख ऊन. वेन गराजमध्ये होता आणि नेहमीसारखा मोकळा. उलट आनंदला. “पाहिलास ना? तू फेमस झालास.” त्याने कपाट उघडून दाखवलं. रायफली होत्या, वॉकीटॉकी होते, छातीला बांधायची चिलखतं होती. खालच्या कप्प्यात मॅगझिन्स, चांगली लांबलचक. ख्राइस्टचर्चनंतर ज्यांच्यावर बंदी आली त्यांतली ही, हे गुरुनाथलाही कळत होतं.

“हे हरणांसाठी?” त्याने विचारलं.

वेन हसला. “जेव्हा पेटेल ना गुरू, तेव्हा तू काळजी करू नकोस. तू, सुलेखा, ओवी, तुम्ही कुंपणाच्या आत. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय.” मग आवाज उतरवून, अगदी मायेने म्हणाला, “ती तुझी केमिस्ट बाई आहे ना, तिलाही सांग. पुढच्या ईदला घरातच थांब म्हणावं. चांगली बाई आहे, उगाच मध्ये यायची.”

गुरुनाथ ‘बघतो’ असं काहीतरी पुटपुटला. घरी आला. सुलेखाकडून गाडीची किल्ली घेतली आणि पोलीस स्टेशनला गेला. आपण घाबरून गेलो की लाजून, हे त्याला आजही सांगता येत नाही.

जबाब घेणारी डिटेक्टिव्ह माओरी होती. चाळिशीची, हनुवटीवर गोंदलेलं. “किया ओरा, बसा,” असा माओरी नमस्कार करून म्हणाली आणि टाइप करू लागली. कपाटातलं सगळं सांगितल्यावर गुरुनाथला वाटलं, झालं. पण तिने मागे जायला सुरुवात केली. रेफरन्स कोणी दिला होता? तेव्हा काय विचारलं होतं? तुम्ही काय उत्तर दिलंत? व्हिडिओतला शेजारी कोण? ते वाक्य कोणाचं?

“माझं,” तो म्हणाला.

तिने ते पुन्हा म्हणायला लावलं. त्याने म्हटलं. आधी पाहुणे म्हणून येतात आणि मग घर मागतात. तिची बोटं थांबली. तिने मान वर करून त्याच्याकडे, मग त्याच्या हातातल्या न्यूझीलंडच्या पासपोर्टकडे पाहिलं.

“हे तुम्ही इथे म्हणालात? या देशात?”

गुरुनाथला आपण काय बोललो होतो, कुठे बसून बोललो होतो आणि आत्ता कोणासमोर बोललो, हे सगळं एकदम कळलं. ज्यांची ही जमीन होती त्यांच्यातल्या एका बाईला तो घर मागणाऱ्या पाहुण्यांची गोष्ट सांगत होता. त्याला मान वर करता येईना.

“त्या वेळी तुम्ही ‘नाही’ का म्हणालात?” तिने विचारलं. “चौकशीला आलेल्या बाईंना?”

“तो माझ्याशी चांगला वागला होता.”

“तुमच्याशी,” ती म्हणाली आणि पुढे टाइप करू लागली.

दोन दिवसांनी सकाळी गल्लीत पोलिसांच्या गाड्या आल्या. वेनचा परवाना निलंबित झाला, कपाट रिकामं झालं. त्याच दिवशी त्या शेतावरही छापा पडला. तिथे बंदी असलेल्या आणखी रायफली मिळाल्या आणि एका शेडच्या भिंतीवर शाळेच्या मैदानाचा हाताने काढलेला नकाशा, फाटकांना लाल खुणा केलेला. वेन आणि दुसऱ्या तिघांवर खटले भरले. बाकीच्यांनी जॅकेटं कुठे टाकली देव जाणे. सगळे आपापल्या घरी, आपापल्या नोकऱ्यांवर निमूट परत गेले.

शेरिल माहेरी तौरंगाला निघाली, त्या दिवशी कुंपणापाशी तिची गाठ पडली. ती बुटकी, अबोल बाई. इतक्या वर्षांत ‘हॅलो’पलीकडे त्यांचं बोलणं झालं नव्हतं. ती गाडीत खोकी भरत होती. गुरुनाथ मदतीला पुढे झाला. तिने हाताने थांबवलं.

“पोलिसांनी मला सांगितलं,” ती म्हणाली. “रेफरन्स दोघांनी दिला. तू आणि मी. मीपण सांगितलं होतं, माणूस चांगला आहे म्हणून.”

“हो.”

“मी त्याला घाबरत होते, गुरू. ती बाई विचारत होती तेव्हा तो शेजारच्या खोलीत होता.” तिने डिकी लावली. “तुला कसली भीती होती?”

ती उत्तरासाठी थांबली नाही. कसलीच भीती नव्हती त्याला. भिऊन बोललेलं खोटं माणूस एक वेळ स्वतःला माफ करतो. हे फुशारकीपायी बोललेलं होतं.

शहनाजकडे तो खटला उभा राहण्याआधी गेला, सुलेखाला बरोबर घेऊन. तिने दार उघडलं, बसायला सांगितलं. सासूबाई आतल्या खोलीत होत्या, त्यांचा रेडिओ ऐकू येत होता. गुरुनाथने पाठ करून आणलेलं सगळं सांगितलं. रेफरन्सचं, भाषांतरांचं, त्या वाक्याचं.

शहनाज शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “वाक्य तुमचं आहे, हे मला व्हिडिओ बघितल्या बघितल्या कळलं होतं.”

“कसं?”

“रॅग्लनच्या सहलीत बोलला होतात तुम्ही. समुद्रावर. मंडळातली सगळी हसली होती.” ती सुलेखाकडे वळली. “मी समोरच होते. कलिंगड कापत होते. गुरुदादांना मी आहे याचा विसर पडलाय, असं मी मनाला समजावलं. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं नाही, कारण तो म्हणाला असता, जाऊ नकोस मग मंडळात. आणि मला यायचं होतं. मराठी बोलायला दुसरं आहे कोण मला इथे?”

सुलेखाने तोंडावर पदरासारखी ओढणी धरली. गुरुनाथ म्हणाला, “माफ कर, शहनाज.”

“कोर्टात खरं बोला,” ती म्हणाली. “माफीचं मला आत्ता विचारू नका. अम्मी अजून फाटकापाशी गाडी थांबली की रडतात.”

तिने चहा विचारला नाही. दारापर्यंत आली मात्र, पायरी ओली आहे म्हणून सांगायला.

वेनने गुन्हा कबूल केला नाही. शस्त्रं दुसऱ्याची, ती ठेवायला दिली होती, आणि फेन्सलाइन ही नुसती मित्रमंडळींची गस्त, असा त्याचा बचाव होता. गुरुनाथला सरकारी साक्षीदार म्हणून बोलावलं. कोर्टात मागच्या बाकांवर शहनाज आणि तिचा नवरा होता. मंडळातलेही काही आले होते, कोणी काळजीने, कोणी गंमत बघायला. सुलेखाने नको म्हणूनही ओवी आली होती.

सरकारी वकिलाच्या प्रश्नांना गुरुनाथने नीट उत्तरं दिली. मग वेनचे वकील उठले. सभ्य, हळू आवाजाचे गृहस्थ. त्यांच्या हातात कागदांचा गठ्ठा होता. गुरुनाथने वेनला पाठवलेले सगळे मेसेज.

त्यांनी एकेक वाचायला सुरुवात केली. गुरुनाथचं इंग्रजी, गुरुनाथचे शब्द, रोज संध्याकाळी चवीने जुळवलेले. काही इतके ओंगळ होते की टंकलेखन करणाऱ्या मुलीने एकदा डोळे वर करून त्याच्याकडे पाहिलं. वकील घाई करत नव्हते. प्रत्येक मेसेजनंतर विचारत होते, “हे तुम्ही लिहिलंत?”

“हो.”

“आणि हे?”

“हो.”

गुरुनाथची नजर कुठे ठरेना. वेनकडे बघवत नव्हतं, कारण वेन त्याच्याकडे जुन्या मित्राच्या नजरेने बघत होता. मागच्या बाकांवर तर नाहीच नाही. तो समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत राहिला.

“म्हणजे मिस्टर पेडणेकर,” वकील शेवटी म्हणाले, “माझ्या अशिलाची मतं तुम्हाला इतकी धोकादायक वाटतात. पण त्यातली बरीचशी तुम्हीच त्याला पुरवलीत. तुमची आणि त्याची मतं एकच होती, असं म्हणू का?”

सरकारी वकील हरकत घ्यायला उठत होते. त्याआधीच गुरुनाथ बोलला.

“हो. एकच होती. त्याच्याकडे बंदूक येईपर्यंत मला ती नुसती मतं वाटत होती. बंदूक मी मिळवून दिली.”

न्यायाधीशांनी काहीतरी लिहिलं आणि साक्षीदाराला पाणी हवं आहे का, असं विचारलं.

वेनला शिक्षा झाली. शस्त्रांच्या गुन्ह्यासाठी तुरुंग, दुसऱ्या दोघांना घरातच नजरकैद. एक सुटला. फेन्सलाइनचं पान बंद झालं आणि काही आठवड्यांत दुसऱ्या नावाने तसलंच एक उघडलं, असं डिटेक्टिव्ह बाईंनी फोनवर सांगितलं. त्यांना त्यात नवल वाटत नव्हतं. “आम्ही बघतो आहोत,” म्हणाल्या. “लोक वेळेवर सांगतात तेव्हा आमचं काम सोपं होतं.” हा टोमणा होता की नुसती माहिती, हे गुरुनाथला कळलं नाही. त्याने तो टोमणा समजूनच घेतला.

घरी परतताना गाडीत ओवी मागे बसली होती. खिडकीबाहेर बघतच ती म्हणाली, “आय डोंट नो व्हॉट टू से टू यू, बाबा.” गुरुनाथ म्हणाला, “नको बोलूस. बोलावंसं वाटेल तेव्हा बोल.” अजून ती पूर्वीसारखी बोलत नाही. पण हल्ली जेवणाच्या टेबलावर तो काही बोलला, तर मध्येच थांबवून विचारते, हे तुला कोणी सांगितलं, खरं आहे का? तो आठवून सांगतो. बहुतेक वेळा माहीत नसतं, मग तसं सांगतो.

मंडळात त्याने सर्वसाधारण सभेत उभं राहून रॅग्लनच्या सहलीचा विषय काढला. आपण काय बोललो, कोण हसलं, कोण समोर बसलं होतं. दोघा-तिघांच्या माना खाली गेल्या. एक जण मात्र चिडून म्हणाला, “तुमचं धुणं तुमच्या घरी धुवा, पेडणेकर. आम्हाला कशाला लाजवता?” पुढच्या वर्षी कार्यकारिणीत त्याचं नाव नव्हतं. शहनाज मंडळात येते. कार्यक्रमात निवेदन करते. समोरासमोर आले तर ‘नमस्कार पेडणेकर’ म्हणते. दादा म्हणत नाही.

गेल्या महिन्यात कंपनीत सुशील नावाचा नवा इंजिनियर आला. पुण्याचा, तिशीतला, हुशार. जेवणाच्या सुट्टीत दोन गोऱ्या सहकाऱ्यांसमोर त्याने एक विनोद केला, ठरावीक विनोद, ठरावीक लोकांवरचा. दोघं हसले. सुशीलने गुरुनाथकडे बघून डोळा मारला.

आणि गुरुनाथ गप्प बसला. एवढं सगळं होऊनही. डबा अर्धा टाकून तो उठला. दुपारभर त्याचं कामात लक्ष लागेना. सुटल्यावर पार्किंगमध्ये त्याने सुशीलला गाठलं.

“तो विनोद,” तो म्हणाला. “पुन्हा माझ्यासमोर नको. कुणासमोरच नको.”

सुशील गोंधळला. “सर, पण मला तर वाटलं तुम्हाला चालेल. तुमची केस ऐकली होती मी. ते मेसेज वगैरे. म्हणूनच तर तुमच्यासमोर बोललो.”

गुरुनाथने गाडीच्या टपावर हात टेकला. कोर्टात इतक्या जणांसमोर नाही वाटली, इतकी लाज त्याला त्या मोकळ्या पार्किंगमध्ये त्या एका मुलासमोर वाटली. त्याच्याविषयी लोकांच्या लक्षात एवढंच राहिलं होतं. खरं तर त्यांनी आणखी काय लक्षात ठेवावं, असं त्याने फारसं केलंही नव्हतं.

“घाई आहे का तुला?” त्याने विचारलं.

“नाही, तशी नाही.”

“मग बस गाडीत. वारा आहे बाहेर. तू ऐकलंस ते खरं आहे. पण ते कसं झालं ते तुला कोणी सांगितलं नसेल.”

सुशील जरा अनिच्छेनेच बसला. गुरुनाथने काच वर केली आणि एका थंड जुलैत शेजारचा माणूस सरपण घेऊन आला होता, तिथपासून सांगायला सुरुवात केली.